पेटीतले जुने युद्धपदक कसे वाचावे

सातारा, रत्नागिरी, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या अनेक घरांत पणजोबांची एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली, फडक्यात गुंडाळलेले एखादे पदक असते. घरात त्याला कुणी ‘मेडल’ म्हणते, कुणी ‘बिल्ला’. त्याच्याबद्दलची माहिती बहुधा एका वाक्याची असते: ते लढाईवर गेले होते आणि सरकारने त्यांना शौर्याबद्दल हे दिले. या वाक्याचा पहिला भाग जवळजवळ नेहमी खरा असतो. दुसरा भाग बहुतेक वेळा खरा नसतो. पेटीत सापडणाऱ्या पदकांपैकी फार मोठा वाटा मोहीम-पदकांचा असतो, म्हणजे एखाद्या ठरावीक युद्धात किंवा मोहिमेत, ठरावीक प्रदेशात, ठरावीक काळात जो जो हजर होता त्याला मिळालेल्या पदकांचा. शौर्यपदक ही वेगळी गोष्ट आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे किंवा एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच सेनिओ नदीकाठी पराक्रम केलेले नामदेव जाधव यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा एका माणसाच्या एका कृतीसाठी होता. मोहीम-पदक सांगते ते इतकेच की हा माणूस तिथे होता.

मात्र ‘तिथे’ म्हणजे नेमके कुठे, केव्हा आणि कुणाबरोबर, हे त्या पदकातून बऱ्यापैकी काढता येते. ते कसे काढायचे, हा या लेखाचा विषय आहे. मी स्वतः हे काम आमच्या घरातल्या एका पदकावर शिकलो, आणि शिकताना ज्या चुका झाल्या त्याही ओघाने येतील.

सर्वांत आधी: घासू नका

आमच्याकडचे पदक चांदीचे आहे. माझी चुलत आजी दर दिवाळीला ते देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंचेने घासत असे. त्यामागे माया होती, पण साठ-सत्तर दिवाळ्यांनी पंचम जॉर्जचे नाक, भुवया आणि दाढी सपाट करून टाकली, आणि मागच्या घोडेस्वाराचा चेहरा आता अंगठ्यालाही लागत नाही. सुदैवाने चिंचेचे बोट पदकाच्या कडेपर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे कडेवरची अक्षरे वाचली.

तेव्हा पदक हाती आले की चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट आणि सोनाराकडचे पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. चांदीवर चढलेला काळसर थर हा गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो. तो धातूला खात सुटत नाही, उलट उठावाच्या खोबणीत बसून अक्षरे वाचायला मदत करतो. माती फारच असेल तर मऊ, कोरड्या सुती कापडाने हलकेच टिपावी. फीत शिल्लक असेल, मग ती कितीही विरलेली असो, काढून टाकू नये आणि धुऊही नये. फितीचे रंग ही ओळखीची दुसरी मोठी खूण आहे आणि जुने रंग पाण्यात उतरतात.

यानंतर चारही अंगांनी फोटो काढावेत: पुढची बाजू, मागची बाजू, वरची कडी किंवा आडवा दांडा, आणि कड. कडेचा फोटो सर्वांत त्रासदायक आहे. दिवसा खिडकीजवळ पदक उभे धरून, मोबाइलच्या बॅटरीचा प्रकाश एका बाजूने जवळजवळ कडेला समांतर पाडावा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली बसते. एका फोटोत तीन-चार अक्षरेच येतील. पदक थोडे थोडे फिरवत आठ-दहा फोटो घ्यावेत आणि कागदावर ती अक्षरे दिसतील तशीच, अंदाज न लावता, एकापुढे एक लिहून काढावीत. जिथे दिसत नाही तिथे टिंब ठेवावे. फोटो साधला नाही तर पातळ कागद कडेभोवती गुंडाळून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी अक्षरे उमटतात.

मोजमाप आणि धातू

बहुतेक गोल ब्रिटिशकालीन मोहीम-पदके ३६ मिलिमीटर व्यासाची असतात. घरात राजाछाप चांदीचा रुपया असेल तर तो शेजारी ठेवून पाहावा. रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पदक त्याच्यापेक्षा चटकन नजरेत भरण्याइतके मोठे दिसते. व्यास व्हर्नियरने नीट मोजणे एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. बाजारात फिरणाऱ्या काही पदकांवरचे मूळ नाव कानशीने घासून दुसरे नाव ठोकलेले असते, आणि अशा पदकाचा व्यास किंचित कमी भरतो किंवा एका जागी कड बसकी लागते. घरच्या पदकाबाबत हा प्रश्न नसतो, पण कुणी विकत घेऊन ‘आमच्या गावच्या सुभेदाराचे’ म्हणून दाखवत असेल तर हे मोजून बघावे. ओतीव नक्कल असेल तर पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. टंकसाळीत ठशाने छापलेल्या पदकाचा पृष्ठभाग तसा नसतो.

धातूवरूनही काळ कळतो. पहिल्या महायुद्धापर्यंत सैनिकाचे गोल पदक सहसा चांदीचे असे. छावणीबरोबरचे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले अशा बिनलढाऊ नोकरांना तेच पदक कांस्याचे देण्याची पद्धत बराच काळ होती. दुसऱ्या महायुद्धात चांदी परवडेना, म्हणून गोल पदके तांबे-निकेलच्या मिश्रधातूची आणि तारे तांबे-जस्ताचे पिवळसर झाले. घरात ‘आमचे मेडल चांदीचे’ असे कितीही ठामपणे सांगितले जात असले, तरी त्यावर सहावा जॉर्ज आणि १९३९–४५ ही वर्षे असतील तर भारतात वाटले गेलेले ते पदक चांदीचे नसते.

कड: नाव इथे असते

पदकाची पुढची बाजू राजाची असते, मागची बाजू सरकारची, आणि तुमच्या माणसाची जागा फक्त कड. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेले पदक सर्व दर्जांच्या सैनिकांना सरसकट मिळाले आणि त्याच्या कडेवर प्रत्येकाचे नाव यंत्राने ठोकले गेले. तिथून ही पद्धत रुजली आणि भारतीय सिपायापर्यंत आली.

पहिल्या महायुद्धाच्या भारतीय पदकाच्या कडेवर साधारण हा क्रम असतो: रेजिमेंटचा क्रमांक, हुद्दा, नाव, आणि शेवटी पलटण. हुद्दे संक्षेपात असतात. सेपॉय, नायक, हवालदार, जमादार, सुभेदार हे ओळखू येतात. याखेरीज भिस्ती, ड्रायव्हर, बेअरर, कुक असे शब्दही येतात आणि ते वाचून कुणी हिरमुसू नये, कारण मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उन्हात पाणी वाहून नेणाऱ्या माणसाने सोसलेले काही कमी नव्हते.

नावाच्या बाबतीत सैल मनाने वाचावे. लिहिणारा कारकून मराठी नव्हता, सांगणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते, आणि पुष्कळदा आडनाव लिहिलेलेच नसे. स्वतःचे आणि बापाचे नाव एवढेच असे. जाधव हे ‘जाधाओ’सारखे, पवार हे ‘पोवार’सारखे लिहिलेले दिसले तर ते दुसरे कुणी आहे असे समजू नये. माणसाची ओळख नावापेक्षा क्रमांक आणि पलटण यांच्या जोडीवरून पक्की होते. क्रमांक एकटा उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र होते.

पलटणीचे नाव वाचताना १९२२ हे वर्ष लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी भारतीय सैन्याची पुनर्रचना झाली आणि जवळजवळ सगळ्या पलटणींचे क्रमांक बदलले. त्याआधीच्या मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या होत्या. १९२२ नंतर या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली: १०३ क्रमांकाची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी. म्हणून एकाच घरातल्या थोरल्या भावाच्या पदकावर ‘११० मराठा’ आणि धाकट्याच्या पदकावर ‘३-५ मराठा’ असे असेल तर दोघे एकाच पलटणीत होते. हीच तिसरी बटालियन पुढे स्वतंत्र भारतात दुसरी पॅरा बटालियन झाली, त्यामुळे नातवाच्या तोंडून ‘टू पॅरा’ ऐकायला आले तरी तो धागा तुटलेला नाही. ‘१११ महार’ असे दिसले तर ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत मोडली गेली. आजची महार रेजिमेंट ही १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात नव्याने उभी राहिलेली, हे दोन्हींची सांगड घालताना ध्यानात असावे. कडेवर ‘३ एस. अँड एम.’ (सॅपर्स अँड मायनर्स) असेल तर ते खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे पूल, खंदक आणि सुरुंगांचे काम करणारे. पायोनिअर, खेचर तुकड्या, इस्पितळाचे डोलीवाले यांतही मराठी माणसे पुष्कळ होती, तेव्हा ‘मराठा’ शब्द दिसला नाही म्हणून पदक परक्याचे ठरत नाही.

पहिल्या महायुद्धाची तीन पदके

आता पदकांकडे वळू. आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारा संच पहिल्या महायुद्धाचा असतो: एक कांस्याचा तारा, एक चांदीचे गोल पदक आणि एक पिवळसर कांस्याचे गोल पदक.

चांदीचे पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. ते १९१९ मध्ये जाहीर झाले. पुढे पंचम जॉर्जचा मुकुट नसलेला चेहरा डावीकडे पाहतो आणि भोवती लॅटिन संक्षेपात त्याच्या पदव्या असतात, ज्यांच्या शेवटी ‘इंड इंप’, म्हणजे हिंदुस्थानचा बादशहा, असे येते. मागची बाजू विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराची आहे. उघड्या अंगाचा सेंट जॉर्ज घोड्यावर बसलेला, घोड्याच्या टापांखाली शत्रुराष्ट्रांच्या गरुडाची ढाल, जवळच कवटी आणि हाडे, वर उगवता सूर्य, आणि कडेला १९१४ व १९१८ ही वर्षे. आमच्याकडच्या मुलांना हा घोडेस्वार खंडोबा वाटत असे, आणि खरे सांगायचे तर पायाखाली तुडवलेला वैरी पाहता तो गैरसमज अगदीच वावगा नव्हता. फीत मध्ये रुंद नारिंगी आणि दोन्ही कडांना पांढरा, काळा, निळा अशा पट्ट्यांची असते. चांदीची सुमारे ६५ लाख पदके निघाली. मजूर तुकड्यांसाठी कांस्याची सुमारे १ लाख १० हजार निघाली, आणि ती आज त्यामानाने दुर्मीळ आहेत.

या पदकाची एक उणीव मात्र घरोघरच्या शोधाला आडवी येते. त्यावर लढायांच्या नावांच्या पट्ट्या लावायच्या असे ठरत होते आणि भूदलासाठी अशा ७९ नावांची यादीही पुढे आली होती, पण खर्च पाहून ती कल्पना सोडून देण्यात आली. त्यामुळे फ्रान्समध्ये चिखलात उभा राहिलेला सिपाई आणि बसऱ्यात तापाने लोळणारा सिपाई यांची पदके तंतोतंत सारखी दिसतात. कुठे गेला हे पदक सांगत नाही. ते कडेवरच्या पलटणीवरून आणि ताऱ्यावरून काढावे लागते.

तारा दोन प्रकारचा असतो. दोघांचा घाट एकच: टोके चार, पण वरचे टोक मुकुटाने झाकलेले, मध्ये आडव्या-उभ्या तलवारी आणि पट्टा. मधल्या पट्ट्यावर नुसते १९१४ आणि महिन्यांची नावे असतील तर तो माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता. पट्ट्यावर ‘१९१४–१५’ असेल तर १९१५ संपण्यापूर्वी तो कोणत्या तरी युद्धक्षेत्रात पोहोचला होता. ताऱ्याला कड नसते, म्हणून नाव मागच्या सपाट बाजूवर असते.

तिसरे ते व्हिक्टरी मेडल. पुढे पंख असलेली विजयदेवता, तीही मॅकमिलनचीच. मागे ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन’ ही ओळ आणि १९१४–१९१९ ही वर्षे. युद्ध १९१८ ला थांबले तरी इथे १९१९ आहे, आणि दोन पदकांवरच्या या फरकामुळे गोंधळून जाऊ नये. फीत दोन इंद्रधनुष्ये लाल रंगाशी एकमेकांना भिडवल्यासारखी असते. मित्रराष्ट्रांपैकी प्रत्येकाने आपापले चित्र काढले, पण फीत सगळ्यांनी एकच ठेवली. हे पदक गोल कडीला लोंबते, चांदीचे पदक सरळ आडव्या दांड्याला. सोनाराने दुरुस्तीत कडी बदलली असेल तर या भेदावरून ते लक्षात येते.

आता हे तिन्ही एकत्र ठेवून वाचायचे. तारा, चांदी आणि विजयदेवता अशी तिन्ही असतील तर माणूस १९१५ अखेरपर्यंत युद्धक्षेत्रात उतरला. तारा नसून शेवटची दोनच असतील आणि तारा हरवलेला नसेल, तर तो १९१६ किंवा त्यानंतर गेला. चांदीचे एकटेच असेल तर परमुलखात सेवा झाली पण प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात पाऊल पडले नाही, किंवा बाकीची हरवली. उलट बाकीची असून चांदीचे तेवढे नसेल तर त्याचे कारण बहुधा वेगळे असते: १९७९–८० मध्ये जगभर चांदीचा भाव कडाडला तेव्हा ही पदके मोठ्या संख्येने वितळवली गेली, आणि आपल्याकडे तर त्याआधीपासून अडचणीच्या वर्षी पदक सोनाराकडे मोडीत जातच होते. आमच्या पदकाला सोनाराने वर एक जाड कडी डाक देऊन जोडली आहे, कारण मध्यंतरी ते कुणाच्या तरी गळ्यात काळ्या गोफात होते.

एक उदाहरण घेऊ. कडेवर ११० मराठा पलटण, आणि संचात १९१४–१५ चा तारा. ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होती. १०३ आणि ११७ या पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. बसरा नोव्हेंबर १९१४ मध्ये हाती आले, डिव्हिजन वर्षभर तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला अडली आणि मागे फिरून कूट-अल-अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात कोंडली गेली. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही फौज डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात राहिली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. पुढची वर्षे तुर्कांच्या कैदेत. म्हणून अशा घरात ‘ते तुर्कांच्या तुरुंगात होते’ किंवा ‘घोड्याचे मांस खायची पाळी आली’ अशी आठवण टिकून असेल तर ती पदकाशी जुळते. उलट ताऱ्याशिवाय तीच पलटण असेल, तर तो बहुधा कूट पडल्यानंतर नव्याने भरती झालेल्यांपैकी असतो.

पट्टी असलेली पदके

काही पदकांच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असते आणि तिच्यावर मोहिमेचे नाव असते. ही मालकासाठी फार सोयीची गोष्ट, कारण अर्धे संशोधन तिथेच होते. १९०८ चे इंडिया जनरल सर्व्हिस मेडल मागच्या बाजूच्या डोंगरांतल्या जमरूद किल्ल्यावरून ओळखावे. फीत हिरवी आणि मध्ये गडद निळी. त्यावर ‘अफगाणिस्तान एन. डब्ल्यू. एफ. १९१९’ (एन. डब्ल्यू. एफ. म्हणजे वायव्य सरहद्द) किंवा ‘वझिरिस्तान १९१९–२१’ अशा पट्ट्या असतात. १९३६ च्या पदकावर किल्ल्याच्या जागी पंजा उचललेला वाघ आला. एकाच फितीवर अनेक पट्ट्या असतील तर सर्वांत जुनी पदकाच्या सर्वांत जवळ, म्हणजे खालून वर वाचायचे, हा सामान्य नियम.

या नियमाला एक प्रसिद्ध अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या इतिहासातला आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ईस्ट इंडिया कंपनीचे मोहीम-पदक हा प्रकारच मराठ्यांशी झालेल्या युद्धातून सुरू झाला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात पश्चिम हिंदुस्थानात आणि गुजरातेत लढलेल्या बंगालच्या पलटणींसाठी कंपनीने १७८४ च्या सुमारास ‘डेक्कन मेडल’ काढले. त्याच्या एका बाजूला ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री-आकृती, आणि दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर होता, कारण पदक घेणाऱ्या सिपायाला वाचून दाखवायची भाषा ती होती. त्यानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या युद्धासाठी मात्र कंपनीने त्या वेळी सार्वत्रिक पदक काढले नाही. ते आले १८५१ मध्ये, ‘आर्मी ऑफ इंडिया’ या नावाने. पुढे तरुण व्हिक्टोरिया राणी, मागे बसलेली विजयदेवता, ताडाचे झाड आणि शस्त्रांचा ढीग, खाली १७९९–१८२६ ही वर्षे, फीत फिकट निळी. चित्र विल्यम वायन यांचे. गंमत अशी की वर्षे १७९९ पासून कोरली असली तरी सर्वांत जुनी पट्टी १८०३ ची आहे.

एकूण २१ पट्ट्यांच्या या यादीत असई, आरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर आणि कोरेगाव ही आपल्याकडची नावे इंग्रजी वळणाने लिहिलेली सापडतात. यांतल्या पट्ट्या वरून खाली वाचायच्या असतात, कारण शेवटची पट्टी पदकाच्या लगत बसवलेली आहे. हे पदक १८५१ मध्ये जे हयात होते आणि ज्यांनी मागणी केली त्यांनाच मिळाले. असईच्या लढाईला तोवर ४८ वर्षे झाली होती, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला ३३. एकूण साडेचार हजारांच्या आसपासच पदके निघाली. सिपायांपैकी किती जण तोवर जिवंत असतील आणि किती जणांपर्यंत बातमी पोहोचली असेल, याचा विचार केला की घरात ‘कोरेगावचे पदक’ सापडल्याचा दावा किती जपून तपासायला हवा हे ध्यानात येते. माझ्यासमोर आलेला असा एक दावा पाहता पाहता १९१९ च्या ब्रिटिश वॉर मेडलवर येऊन थांबला.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतर

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे असतात आणि ओळखायला सोपे, कारण मध्यभागी सहाव्या जॉर्जच्या अद्याक्षरांभोवती ताऱ्याचे नावच लिहिलेले असते: आफ्रिका, इटली, बर्मा वगैरे. फीतही बोलकी असते. इटलीची लाल-पांढरी-हिरवी, बर्म्याची गडद निळी, मध्ये लाल आणि दोहों बाजूंना नारिंगी. १९३९–४५ च्या सर्वसाधारण ताऱ्याची फीत गडद निळा, लाल आणि फिकट निळा या तीन दलांच्या रंगांची. गोल पदकांपैकी ‘वॉर मेडल’च्या मागे दोन तोंडांच्या राक्षसी सापावर उभा सिंह असतो. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’च्या मागे हिंदुस्थानचा नकाशा असतो आणि ते भारतात राहून तीन वर्षे सेवा केलेल्या भारतीय सैन्यातल्या माणसांसाठी होते. हे एकटेच असेल तर आजोबा आघाडीवर गेले नाहीत असे मानायला जागा आहे.

या युद्धात खरी अडचण कडेची आहे. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी ब्रिटनने ही पदके बिननावाची वाटायचे ठरवले. कडेवर किंवा ताऱ्याच्या मागे नाव असेल तर ते टिपून ठेवावेच, पण नसेल तर पदक खोटे आहे असे समजू नये. अशा वेळी पदकापेक्षा डिस्चार्जचे पुस्तक आणि पेन्शनचे कागद यांना महत्त्व येते, आणि पदकांबरोबर ते कागद टाकून देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

स्वतंत्र भारताच्या पदकांविषयी थोडक्यात. १५ ऑगस्ट १९४७ चे स्वातंत्र्य पदक हे मोहीम-पदक नव्हे, पण त्यावर अशोकचक्र आणि त्याच्या वर राजमुकुट असे चित्र आहे, आणि त्या अडीच वर्षांच्या संधिकाळाची एवढी ठसठशीत खूण दुसऱ्या कोणत्या वस्तूवर मी पाहिलेली नाही. पुढे ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ आले, ज्याच्या पुढच्या बाजूला प्रभावळीत टोक वर करून उभी असलेली भवानी तलवार आहे आणि मागे कमळ. त्याची फीत लाल, तिच्यावर हिरव्या बारीक रेघा, आणि पट्टीवर जम्मू-काश्मीर, गोवा १९६१, लडाख १९६२, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) १९६२ अशी नावे. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. यांच्यावर नाव स्पष्ट असल्यामुळे वाचण्याचा प्रश्न सहसा येत नाही.

कागदाशी ताळा

कडेवरून क्रमांक, हुद्दा आणि पलटण मिळाली की पुढचा शोध तीन ठिकाणी करता येतो. माणूस युद्धात मरण पावला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरची नोंदवही पाहावी. तिथे नावाने शोधण्यापेक्षा क्रमांक आणि रेजिमेंट टाकून शोधावे, कारण नावाचे लेखन तुमच्या लेखनाशी जुळणार नाही. मेसोपोटेमियात मरण पावलेल्यांची नोंद बसरा स्मारकाखाली येते. फ्रान्समध्ये मरण पावलेल्यांची न्यूव्ह शापेल स्मारकाखाली. आणि भारतातच निधन पावलेल्या, पण थडगे जपणे शक्य न झालेल्या कित्येकांची नावे खडकीच्या युद्धस्मारकात आहेत. जो जिवंत परतला त्याचे नाव या नोंदवहीत नसणार, हे उघड असूनही लोक तिथे नाव नाही म्हणून निराश होतात.

दुसरे ठिकाण म्हणजे गावच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात, जिथून गेलेले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, स्मारक आहे. अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, या गावातून इतकी माणसे लढाईवर गेली आणि इतकी परत आली नाहीत, असे सांगणारी संगमरवरी पाटी असते. नावे नसली तरी आकडा आणि वर्षे मिळतात. तिसरे, रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला. अर्ज करताना कडेच्या मजकुराची जशीच्या तशी नक्कल, फोटो आणि नाते दाखवणारा कागद जोडावा. अर्ज कसा आणि कुठे पाठवायचा याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. स्वातंत्र्यानंतरच्या सेवेबाबत उत्तर मिळण्याची शक्यता चांगली असते. १९१४–१८ च्या साध्या सिपायाचे सेवापुस्तक मिळेल अशा आशेने मात्र बसू नये.

परदेशातल्या नातवंडांना पदक पाठवायचा विचार असेल तर एक कायदेशीर गोष्ट आधी पाहावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत. वाटणी करायची झाली तर फोटो आणि कडेची नक्कल पाठवावी, पदके एकत्र ठेवावीत. तारा एका भावाकडे आणि चांदीचे दुसऱ्याकडे गेले की वर सांगितलेला तिन्हींचा ताळाच बसत नाही.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात प्रत्येक पदक वेगळे गुंडाळून, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. सोबत एका कागदावर पेन्सिलीने कडेचा मजकूर, पदकाचे नाव, ते घरात कुणाकडून कुणाकडे आले आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याबद्दल जे आठवते ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. आमच्या डब्यातल्या कागदावर चिंचेचीही नोंद आहे.